‘जेवण जात नाही’ : अन्ननलिकेच्या कर्करोगाची रुग्णवृत्ते आणि यवतमाळची बोली

वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होणारे ‘रुग्णवृत्त’ हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे, ही गोष्ट वाङ्मयाचे अभ्यासक सहसा ध्यानी घेत नाहीत. त्याची घडण ठरलेली असते. प्रारंभी रुग्णाचे वय, लिंग आणि मुख्य तक्रार. मग तपासण्यांची परंपरा. मध्यंतरी एखादे चुकीचे निदान. अखेरीस खऱ्या रोगाचा उलगडा आणि व्यवसायबंधूंना उद्देशून दोन शब्द. रहस्यकथेशी ह्या प्रकाराचे नाते जवळचे आहे. भेद इतकाच की, येथे उलगडा होईतो कथानायक पुष्कळदा वाचण्यापलीकडे गेलेला असतो. अन्ननलिकेच्या कर्करोगासंबंधीची रुग्णवृत्ते ह्या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. त्यांपैकी अनेकांच्या शीर्षकात ‘असामान्य’, ‘विरळ’, ‘अनपेक्षित’ अशा अर्थाचे विशेषण असते. हे विशेषण कोणाच्या दृष्टीने खरे, रोगाच्या, वैद्याच्या की रुग्णाच्या, हा प्रश्न मात्र त्या वृत्तांतून विचारला जात नाही. प्रस्तुत विवेचनाचा तोच विषय आहे. आणि त्यासाठी यवतमाळ जिल्ह्याची बोली समोर ठेवली आहे.

प्रथम ‘सामान्य’ कशास म्हणतात ते पाहिले पाहिजे. पाठ्यपुस्तकातील कथा अशी की, उतारवयाचा, तंबाखू किंवा मद्य ह्यांची सवय असलेला मनुष्य येतो. त्यास आधी घट्ट अन्न, मग मऊ अन्न आणि शेवटी पाणीही गिळणे अवघड होते. वजन झपाट्याने उतरते. हा क्रम रोगाच्या स्वरूपाशी जुळणारा आहे. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, ताणली जाणारी स्नायुमय नळी होय. आतील पोकळी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक बुजेपर्यंत घास बहुधा निभावून जातो. शिवाय जठर आणि आतडी ह्यांच्यावर असते तसे बाह्य आवरण ह्या नळीच्या बहुतेक भागावर नसते, त्यामुळे रोग शेजारच्या अवयवांत लवकर उतरतो. म्हणजे ज्यास आपण प्रातिनिधिक लक्षण म्हणतो ते मुळातच उशिराचे लक्षण आहे. २०२२ साली जगात ह्या रोगाचे ५ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे साडेचार लाख मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. नवे रुग्ण आणि मृत्यू ह्या दोन आकड्यांतील अंतर इतके थोडे का, ह्याचे पुष्कळसे उत्तर ह्या उशिरात आहे.

आता असामान्य प्रकार. ह्यांतील काही खरोखरच शरीररचनेच्या पोटी जन्मतात आणि तेथे भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. स्वरयंत्राकडे जाणारी डावी परावर्ती मज्जा महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका ह्यांमधील खोबणीतून वर चढते. अर्बुदाने किंवा त्याने ग्रासलेल्या गाठींनी तिला दाबले म्हणजे घास उत्तम उतरत असतानाही आवाज बसतो, आणि रुग्ण घशाच्या डॉक्टरांकडे जातो. अन्ननलिका आणि श्वासनलिका ह्यांमध्ये छिद्र पडले तर पाण्याच्या प्रत्येक घोटासरशी खोकला येतो व पुनःपुन्हा फुप्फुसाचा दाह होतो. कोणास दिवसेंदिवस न थांबणारी उचकी लागते. कोणाच्या दोन्ही खवाट्यांमध्ये दुखते आणि ते कष्टाचे दुखणे म्हणून चोळले जाते. डाव्या गळपट्टीच्या हाडामागे आलेली गाठ हीच काहींची पहिली तक्रार असते. क्वचित रक्तातील कॅल्शियम वाढून रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, त्यास बद्धकोष्ठ आणि अनावर तहान जडते. अशा वेळी छातीतील नळीचा विचार कोणाच्या मनात यावा? त्याहून विरळ आणि भयंकर प्रकार म्हणजे अर्बुद महाधमनीत शिरणे : आधी एक लहानसा रक्तस्राव होतो, काही तास वा दिवस सारे शांत असते, आणि मग जो स्राव होतो तो बहुधा प्राण घेऊनच थांबतो. ह्या प्रकारांची रुग्णवृत्ते लिहिली गेली पाहिजेत, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. निदानाची साधनेही येथे सहजी साथ देतात असे नाही. प्रारंभीचा रोग बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नसते. अस्तराखालून पसरणारे अर्बुद दुर्बिणीच्या चिमट्याला हुलकावणी देते आणि तुकड्याचा अहवाल निर्दोष येतो. जठराच्या तोंडाशी बसलेला कर्करोग तेथील स्नायू न उघडण्याच्या निरुपद्रवी विकाराचे सोंग घेतो.

परंतु ह्या वर्गाशेजारी दुसरा एक वर्ग आहे, आणि टीकेचा खरा रोख त्याच्याकडे आहे. ह्या वर्गातील रुग्णाचे लक्षण प्रातिनिधिकच असते. तो ते सांगतोही. ते केसपेपरवर उतरताना मात्र दुसरेच होते.

यवतमाळ भागातील बोलीत रुग्ण म्हणतो, ‘मले जेवन जात नाही.’ ह्या वाक्याची घडण पाहावी. क्रियापद ‘जाणे’, अकर्मक. कर्त्याच्या जागी जेवण. आणि जेवणारा चतुर्थीत. जेवणाऱ्याची इच्छा नाही की त्याच्या नळीत वाट नाही, ह्याचा निर्णय वाक्य करीतच नाही. तापकरी मनुष्यही हेच म्हणतो, चिंतेने ग्रासलेला बापही हेच म्हणतो, आणि ज्याची अन्ननलिका बुजत चालली आहे तोही हेच म्हणतो. प्रमाण मराठीतील ‘खाववत नाही’ हे शक्य क्रियापदाचे रूपही तितकेच संदिग्ध आहे. ‘बघवत नाही’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत दोष असतो असे नव्हे. असमर्थता आणि अनिच्छा ह्या दोन्ही अर्थच्छटा मराठी शक्य क्रियापद एकाच पोटात वागवते. व्याकरणकारांनी त्याचा ‘सामर्थ्य’ हा अर्थ ठळकपणे नोंदवला, त्यामानाने ‘मन न होणे’ हा अर्थ मागे राहिला. केसपेपर इंग्रजीत लिहावयाचा असतो. तेथे संदिग्धतेला जागा नाही, म्हणून लिहिणारा दोहोंतील एक अर्थ निवडतो. आणि सवयीने जो निवडतो तो भूक मंदावल्याचा. एकदा हा शब्द कागदावर पडला की पुढील प्रवास ठरतो. यकृत तपासले जाते, जंतांचे औषध मिळते, भूक वाढवणारे पातळ औषध मिळते. काही महिन्यांनी दुर्बिणीतून अर्बुद दिसले म्हणजे ‘केवळ भूक मंदावणे हे पहिले लक्षण असलेला असामान्य रुग्ण’ अशी नोंद होऊ शकते. येथे असामान्य काय होते? रोग नव्हे, भाषांतर.

‘उलटी’ ह्या शब्दाचेही असेच. जठरातून जोराने येणारे आंबट द्रव्य आणि अन्ननलिकेत अडून, न पचता, विनासायास तोंडात परत आलेला घास ह्या वैद्यकाच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस मळमळ असते, दुसरीस नसते. पहिलीचे मूळ पोटात किंवा अन्यत्र कोठेही असेल, दुसरी मात्र जवळजवळ बोट धरून अन्ननलिकेकडे नेते. मराठीत ओकारी, वांती, उलटी असे शब्द आहेत, पण ते प्रतिष्ठेच्या पायऱ्या दाखवतात, क्रियेतील भेद दाखवीत नाहीत. ‘वर येते’, ‘माघारी येते’ हे प्रयोग त्या भेदाच्या जवळ जातात. परंतु दवाखान्यात गेल्यावर रुग्ण आपली बोली झाकून ‘उलटी’ हाच शब्द वापरतो, कारण तो डॉक्टरांना कळणारा शब्द असे त्यास वाटते. ‘ठसका’ आणि ‘खोकला’ ह्यांच्याबाबतीत उलटे घडते. मराठीने येथे फरक उत्तम राखला आहे. ठसका हा खाण्यापिण्याशी बांधलेला, खोकला तसा नाही. पण नोंद करणाऱ्याजवळ दोहोंसाठी एकच शब्द असतो. मग दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, वजन घटलेले, अधूनमधून ताप, ह्या चित्राकडे पाहून क्षयरोगाचा संशय प्रथम यावा ह्यात नवल नाही. क्षयरोग कार्यक्रमाने ती शिस्त योग्य कारणासाठीच लावली आहे. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तेव्हा आणखी एक तपासणी होते, आणि ठसका पाण्याच्या घोटासरशी लागतो की एरवीही, हे विचारावयाचे राहून जाते.

आणखी एक अडचण वाक्प्रचारांनी उत्पन्न केली आहे. ‘घास घशाखाली उतरत नाही’ हे मराठीत दुःखाचे रूढ वचन आहे. ‘आवंढा गिळणे’ हेही त्याच कुळातले. लाक्षणिक अर्थ इतका प्रबळ झाला आहे की वाच्यार्थ ऐकू येईनासा झाला आहे. ज्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्या घरातील प्रौढ स्त्री हे वाक्य उच्चारते तेव्हा ऐकणारा तिचे सांत्वन करतो; कर्जापायी झालेल्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले, तेथे अशी घरे थोडी नाहीत. ती स्त्री स्वतःही आपले दुखणे शोकाच्याच खात्यावर मांडते. घरात ती सर्वांच्या मागून जेवते. तिची भाकर किती वेळ चालते, तिने किती पाणी घोटले, हे पाहणारे कोणी नसते. ह्यात रक्तक्षयाची भर पडते. लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय आणि गिळण्याची अडचण ह्यांची सांगड ब्रिटनमध्ये पॅटरसन आणि ब्राउन केली ह्यांनी १९१९ साली स्वतंत्रपणे वर्णिली. अशा स्त्रियांच्या घशात व अन्ननलिकेच्या वरच्या भागात पुढे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. परंतु फिकट चेहऱ्याच्या स्त्रीस लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवणे इतके अंगवळणी पडले आहे की सांगडीतील दुसरा धागा विचारला जात नाही.

अवयवाच्या नावाचा प्रश्न ह्याहून मूलभूत आहे. काळीज, पोट, आतडे, मूत्रपिंड ह्यांना बोलीत काही ना काही नाव आहे, मग ते शास्त्रदृष्ट्या अचूक असो वा नसो. घशापासून जठरापर्यंतच्या ह्या नळीला मात्र घरगुती नाव नाही. गळा, घसा, नरडे हे सारे शब्द गळपट्टीच्या वर संपतात. त्याखाली एकदम छाती किंवा ऊर सुरू होते. ‘अन्ननलिका’ हा शाळेतून आलेला शब्द. मराठी विश्वकोशाने ‘ग्रसिका’ हा शब्द योजला. धातूशी असलेले त्याचे नाते शुद्ध आहे, आणि व्यवहारातील त्याचे आयुष्य शून्याच्या जवळपास आहे. ‘अन्ननलिका’ निदान ‘श्वासनलिके’च्या जोडीने उभी राहते आणि ऐकणाऱ्यास दोन नळ्यांचे चित्र देते, ‘ग्रसिका’ काहीच देत नाही. परिभाषेचे मूल्यमापन कोशातील सुसंगतीवरून करावे की रुग्णाच्या तोंडी ती बसते की नाही ह्यावरून, असा प्रश्न असेल तर येथे उत्तर दुसऱ्या बाजूचे दिले पाहिजे. नाव नसल्याचा परिणाम हा की रुग्णाचे बोट आपोआप गळ्याकडे जाते. ह्या बाबतीत शरीरही भाषेस सामील आहे : अडथळा छातीत खाली असला तरी त्याची जाणीव पुष्कळदा वर, गळ्याच्या खळग्यात होते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, त्यामुळे ‘गया दुखते’ असे तो सांगतो. परप्रांतीय किंवा पुण्यामुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरास ते एकदा उमगले तरी त्याचे समाधान ‘गळा’ ह्या शब्दापाशीच होते. टॉर्च लावून घसा पाहिला जातो. तो लाल असतोच. खर्रा खाणाऱ्याचा घसा लाल नसेल तर कोणाचा असेल?

लोकभाषेने ह्या रोगास नाव दिल्याचे एक उदाहरण चीनमध्ये आहे आणि तुलनेसाठी ते उपयोगी पडते. हेनान प्रांतातील लिनशियन हा मुलूख ह्या रोगाच्या प्रमाणासाठी जगभर कुविख्यात. तेथे त्यास पूर्वापार ‘ये-गे’ म्हणत आले; घास अडणे असा त्याचा स्थूल आशय. नाव घरोघरी ठाऊक असल्यामुळे १९६० च्या आसपास तेथे गावपातळीवर तपासणी उभी करणे सोपे गेले असावे. लोकांना लहानसा फुगा गिळावयास देऊन, तो फुगवून वर ओढीत आणि त्यास चिकटलेल्या पेशी तपासीत. पुढे दुर्बिणीशी पडताळा घेतला तेव्हा त्या पद्धतीतून बरेच रोगी निसटत असल्याचे दिसून आले, ही गोष्ट वेगळी. मात्र त्या नावाची मर्यादाही पाहावी. ते अडथळ्यावरून पडलेले आहे, म्हणून ज्याचा घास अडत नाही त्याचा रोग त्या नावात येत नाही. मराठीतील ‘कर्करोग’ ह्या शब्दाचा दोष उलट दिशेचा. ग्रीक-लॅटिन खेकड्याचे हे संस्कृत रूपांतर विद्वानांनी घडवले. त्यातून कोणतेही लक्षण सूचित होत नाही. लोक ‘कॅन्सर’च म्हणतात, किंवा भीतीने ‘मोठा आजार’, ‘गाठ’ असे म्हणतात. अन्ननलिकेचा रोगी आपल्या अंगावर गाठ चाचपून पाहतो, ती सापडत नाही, आणि तो निश्चिंत होतो.

जागृतीच्या भिंतीपत्रकांनी ह्या गैरसमजास हातभारच लावला आहे. अमेरिकेत तयार झालेली कर्करोगाच्या सात धोकासूचनांची यादी भाषांतरित होऊन आपल्या दवाखान्यांच्या भिंतींवर आली. तिच्यातील एक कलम ‘अपचन किंवा गिळण्यास त्रास’ असे आहे. मुळातच हे जोडपे विजोड आहे; मराठीत ते अधिकच बाधक ठरते, कारण अपचन हे ज्याच्या त्याच्या घरचे दुखणे आणि ‘गिळण्यास त्रास’ हे कोणाच्याच तोंडचे वाक्य नव्हे. शेजारच्या दोन शब्दांपैकी ओळखीचा शब्द वाचकाचे लक्ष ओढून घेतो आणि अनोळखी शब्द विरून जातो.

मग विचारावे काय? येथे भाषेइतकेच अन्नाचे ज्ञान उपयोगी पडते. गिळताना त्रास होतो का, ह्या प्रश्नास रुग्ण बहुधा ‘नाही’ म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. त्रास होऊ नये अशी व्यवस्था त्याने केव्हाच करून ठेवलेली असते. ज्वारीची कोरडी भाकर प्रथम वरणात कुस्करली जाते. पुढे भाकर सुटते आणि भात येतो. मग कण्या पातळ होतात. शेवटी चहात बुडवलेला टोस्ट. प्रत्येक पायरीवर रुग्ण सुखी असतो. दात पडलेल्या वृद्धाच्या बाबतीत तर ह्यातील पहिल्या पायऱ्या कोणास जाणवतही नाहीत. विदर्भात प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटला जाणारा खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना ह्यांचे मिश्रण, ह्या झाकपाकीत दुहेरी काम करतो. तो रोगाच्या कारणांपैकी एक आहेच. शिवाय ज्याचे तोंड त्याने आखडले आहे आणि तिखटाने पोळते आहे, त्याने घट्ट, तिखट अन्न आधीच वर्ज्य केलेले असते. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, खर्रा घोटणारे हात मात्र थांबले नाहीत. अशा रुग्णास ‘भाकर सोडून किती दिवस झाले?’ हा प्रश्न दहा वैद्यकीय प्रश्नांहून अधिक सांगून जाईल. तसेच ‘एक घास उतरवायला पाणी लागते का?’ हा. ह्या प्रश्नांना ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देऊन सुटता येत नाही. दिवस मोजावे लागतात, ताट आठवावे लागते.

ह्यावर आक्षेप असा येईल की बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्यास काही मिनिटे येतात; तेथे शक्य क्रियापदाचा ऊहापोह कोण करणार? आक्षेप खरा आहे आणि डॉक्टरांच्या कानास दोष देण्याचा येथे हेतूही नाही. परंतु वेळ थोडा असेल तर प्रश्न नेमका हवा, आणि नेमका प्रश्न आयत्या वेळी सुचत नाही. तो आधी कोणीतरी गोळा करून ठेवावा लागतो. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येईलच असे नाही, हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी लक्षणांविषयी बोलत. रोगनोंदणी म्हणून त्या कामाची वाखाणणी झाली आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्या संभाषणांत आलेली वाक्ये हे आकड्यांइतकेच मोलाचे साधन होय.

यवतमाळमध्ये ते काम अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे रुग्णाची बोली वऱ्हाडीच असेल असे नाही. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी ह्या तालुक्यांत कोलामी आणि गोंडी बोलणारे लोक आहेत. ह्या दोन्ही द्राविडी भाषा. पुसद-दिग्रस भागातील बंजारा तांड्यांवरची बोली राजस्थानी कुळातली. कोलामीचे वर्णन मरी एमनो ह्यांनी १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेही प्रामुख्याने शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील बोलीवरून. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले १९८९ मध्ये. कोलाम रुग्णाचे वाक्य आधी त्याच्याच तोडक्या मराठीत, मग परिचारिकेच्या वऱ्हाडीत, मग डॉक्टरांच्या प्रमाण मराठीत आणि शेवटी केसपेपरच्या इंग्रजीत जाते. चार मजले उतरून आलेल्या त्या वाक्यात भूक उरते, खोकला उरतो, अशक्तपणा उरतो. केसपेपरवर ‘मुख्य तक्रार’ ह्या शीर्षकाखाली एक ओळ असते. त्याच ओळीच्या वर, रुग्णाने उच्चारले तसेच वाक्य देवनागरीत लिहून घेण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागणार नाही. दुसऱ्या खेपेस आलेल्या रुग्णाचा कागद दुसरा डॉक्टर पाहतो तेव्हा त्याच्यापुढे भाषांतराबरोबर मूळ संहिताही असेल, आणि ‘जेवन जात नाही’ ह्याचा दुसरा अर्थ त्यास निवडता येईल.